आप्पांचं नमन, आठ ट्रॅकवर

५ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदी. भावना, तक्रारी, जेवणात काय होतं वगैरे लिहायचं नाही.

जेवणात आज सुक्या जवळ्याची चटणी होती.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. योगिनीचे वडील, म्हणजे माझे सासरे आप्पा, पालीजवळच्या त्यांच्या वाडीत जन्मभर नमनाला, म्हणजे सोंगं नाचवतात त्या खेळाला, गातात. घशात गाठ निघाली आहे. मे महिन्यात कोल्हापूरला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले की बोलता येईल, गाता येणार नाही. त्याआधी २६ तारखेला वाडीच्या पूजेला नमन आहे. तेच शेवटचं.

योगिनी भांडी आवरताना म्हणाली की कोणीतरी नीट रेकॉर्ड करायला पाहिजे. तिचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, मल्टिट्रॅक करू. तिने विचारलं म्हणजे काय. मी सांगितलं की प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड होतो. मृदुंग वेगळा, झांज वेगळी, आप्पा वेगळे. नंतर घरी बसून हवा तो आवाज वर, नको तो खाली. मध्ये कोणी खोकलं तर खोकला काढून टाकता येतो.

तिने विचारलं की असं आधी केलंयत का. मी हो म्हणालो.

गेल्या गणपतीत सोसायटीची आरती मोबाईलवर मीच रेकॉर्ड केली होती. एक ट्रॅक हासुद्धा ट्रॅकच. तरी हो म्हणताना तिच्याकडे न बघता फ्रिज उघडला, हे नोंदवतो.

७ एप्रिल, सोमवार

पतसंस्थेतून अर्धा तास लवकर निघून स्वरूपकडे गेलो. त्याचा ऑर्केस्ट्रा आहे, साळवी स्टॉपला गोडाऊन. डिजिटल मिक्सर तीन आठवडे मागितला, त्याने महिनाभर दिला. चांगला माणूस. मी स्वतः येतो म्हणाला. मी म्हणालो, घरगुती कार्यक्रम आहे, कशाला त्रास.

खरं कारण असं की तो आला असता तर रेकॉर्डिंग त्याने केलं असतं.

त्याने निघताना दोनदा बजावलं की राउटिंगचं पान नीट बघ. स्पीकरवर ऐकू येतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही, दोन्हींचे रस्ते वेगळे. मी मान डोलावली. यात अवघड काय? पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी या आळ्यात की त्या आळ्यात, ते मातीचा बांध घालून ठरवतात ना, तसं. कुठला माईक कुठल्या ट्रॅकवर न्यायचा ते स्क्रीनवर ठरवायचं. संपलं.

निश्चय: रोज संध्याकाळी सात ते आठ सराव.

९ एप्रिल, बुधवार

सराव झाला नाही. आप्पांनी आंब्याची पेटी पाठवली. पेंढा काढून फळं लावून ठेवण्यात वेळ गेला. ज्यांचं रेकॉर्डिंग करायचं त्यांचेच आंबे, म्हणजे तयारीचाच भाग.

१३ एप्रिल, रविवार

पालीला तालीम बघून आलो.

आप्पांनी आजवर कोणालाच रेकॉर्ड करू दिलेलं नाही. त्यांचं म्हणणं, गाणा देवळासमोर म्हनायचा, खिशात घालून न्यायचा नाय. पोरं मोबाईल काढायची तर ते गाणं थांबवायचे. योगिनीने खूप गळ घातली तेव्हा म्हणाले, जावयबापू करतायत ना, मग करू दे, ते शिकलेले हायत.

शिकलेलो आहे. युट्यूबवरचे दोन व्हिडिओ, त्यातला दुसरा अर्धा.

तांत्रिक निरीक्षण: नमनात गाणारा पुढे नसतो. पुढे मृदुंगवाले, त्यांच्यामागे गाणारा, त्याच्यामागे ओळ उचलून धरणारे झीलकरी. म्हणजे आप्पांच्या माईकमध्ये सगळ्यांचा आवाज शिरणार. म्हणून तर मल्टिट्रॅक.

आप्पांनी गवळण म्हटली. वरच्या सुराला गेले तसा त्यांचा हात आपोआप घशाकडे गेला. सागर, माझा मेहुणा, मुंबईहून मुद्दाम रजा काढून आलाय, मृदुंग त्याच्याकडे. त्याने वाजवता वाजवता तोंड दुसरीकडे वळवलं. मी तेव्हा व्हॉट्सअॅपवर माईकचा नकाशा करत होतो. गवळण संपल्यावर सगळे आप्पांकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. कशी झाली विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कोणी विचारलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

नकाशा वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. एक आणि दोन मृदुंग, तीन झांज, चार आप्पा, पाच झील, सहा संकासुराचं सोंग, सात गवळणी, आठ गाऱ्हाण्याचा माईक. शास्त्रशुद्ध.

सकाळी काशीराम गावकरांचा फोन. पूजेत देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, मान त्यांचा. ते म्हणाले, पालखीला पयला खांदा आमचा, नारळ पयला आमचा, आणि माईक आठवा? मी समजावलं की नंबर फक्त मशीनसाठी आहेत. ते म्हणाले, मग मशीनला सांगा आमचा मान काय हाय तो.

संध्याकाळपर्यंत संकासुराच्या घरातल्यांनीही विचारलं की आम्ही झांजेच्या मागे कसे. रात्री देवळात बैठक बसली. मी फोनवर हजर. ठरलं ते असं: माईकचे नंबर पालखीच्या मानाप्रमाणे. गाऱ्हाणं एक, संकासूर दोन, आणि पुढे घराघराप्रमाणे. आप्पा म्हणाले की मला खयचाव चालंल. म्हणून त्यांना आठ.

ज्यांच्यासाठी सगळं चाललंय ते शेवटी. वाईट वाटलं. पण आवाज आठातूनही तेवढाच येतो.

आता वायरी मानाप्रमाणे लावायच्या आणि स्क्रीनवरचं राउटिंग त्याप्रमाणे बदलायचं. दहा मिनिटांचं काम. रविवारी.

२० एप्रिल, रविवार

मिक्सर जेवणाच्या टेबलावर मांडला. स्क्रीन निळी, फार देखणी. योगिनीने टेबल पुसायचं होतं म्हणून दोनदा उचलून ठेवला.

मोठा शोध: टॉकबॅक. मिक्सरलाच एक छोटा माईक असतो. बसल्या जागेवरून स्टेजवरच्या माणसांशी बोलायला. स्पीकरवर नको असेल तर जात नाही. ट्रॅक एकवर टॉकबॅक लावून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. हॅलो, हॅलो, मी गुरुप्रसाद बोलतोय. आवाज अतिशय भारदस्त आला. तीन वेळा ऐकला.

योगिनी म्हणाली की आता बाकीचे सात पण करून बघा. म्हटलं, एक जमला की आठ जमले. ती म्हणाली, मी समोर बसून एक ओवी म्हणते, ती रेकॉर्ड करून दाखवा. मी म्हणालो उद्या. ती उठली.

उद्या नक्की.

२५ एप्रिल, शुक्रवार

तो उद्या आला नाही. मार्चअखेरीचं राहिलेलं काम निघालं. राउटिंग तिकडेच जाऊन करू. जागेवर केलेलं काम जास्त अचूक होतं.

लवकर झोपायचं. इंजिनिअर ताजातवाना हवा.

२७ एप्रिल, रविवार

ऐतिहासिक कार्यक्रम पार पडला. सविस्तर लिहितो.

काल दुपारीच पोचलो. वायरी गावकरांच्या देखरेखीखाली मानाप्रमाणे लावल्या. ते प्रत्येक वायर कुठे जाते ते बघत होते. मग प्रसाद, मग जेवण. वाढणारे ऐकत नाहीत. राउटिंगच्या पानाशी बसलो तेव्हा गावकर नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले होते. आठ ओळी, प्रत्येक बदलायची. पहिल्या ओळीवर मागच्या रविवारचं टॉकबॅकच होतं. ते बदलायला बोट नेलं तर बाजूला एक बटण दिसलं: सगळ्यांना लागू करा. दाबलं. आठही ओळी क्षणात भरल्या, एकसारख्या, एकाखाली एक. कंपन्या किती विचार करतात! इकडे माणसं मानापमानात रात्र घालवतात, आणि मशीन एका बटणात सगळ्यांना समान वागणूक देतं.

मग माईकवरून सूचना दिली. कोणीही मोबाईलवर रेकॉर्डिंग करू नये, प्रोफेशनल मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग चालू आहे, आप्पांची इच्छा आहे. लोकांनी निमूट मोबाईल खिशात टाकले. सागरची मुलगी तेजस्वी मात्र पुढे बसून आजोबांचं शूटिंग करत होती. मी स्वतः उठून गेलो आणि काढलेलंही डिलीट करायला लावलं. ती रडवेली झाली. मलाही बरं वाटलं नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

योगिनी दोनदा येऊन म्हणाली की हेडफोन लावून एकदा ऐका तरी. हेडफोनने माझे कान दुखतात. तिला मीटर दाखवले. मीटर हलले की रेकॉर्ड होतं, एवढं साधं आहे. आणि काय हलत होते! आठही एकदम उठायचे, एकदम बसायचे. एकही मागेपुढे नाही. मी सुंदर म्हटलं की उसळायचे. यंत्रालाही रंग चढतो.

पुढे एडिटिंगला सोपं जावं म्हणून टॉकबॅकवर बारीक बारीक सूचना बोलत राहिलो. स्पीकरवर जात नव्हतं, त्यामुळे कोणाला त्रास नाही. आता संकासूर आला. आता गवळणी. सागरचा मृदुंग जरा जास्त होतोय. भजी गरम आहेत का बघा.

आप्पा गायले. कसे गायले ते योगिनीला विचारून लिहायला हवं. ती खांबाला टेकून रडत होती. माणसं उठून पाया पडायला गेली. गावकरांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून घातली. माझं लक्ष मीटरवर होतं, ते काम माझं होतं.

शेवटी आप्पा घामाने भिजलेले माझ्याकडे आले. आवाज पार बसला होता. विचारलं की आला काय सगळा. मी म्हणालो, झकास. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

२९ एप्रिल, मंगळवार

फायली लॅपटॉपवर घेतल्या. आठ. आठही अगदी सारख्या वजनाच्या. समाधान.

ऐकलं नाही अजून. कच्चा माल ऐकू नये, मत कलुषित होतं. योगिनी म्हणाली, फक्त गवळण ऐकवा. म्हटलं, मिक्सिंग झाल्याशिवाय नाही. ग्रुपवर टाकलं: रेकॉर्डिंग अप्रतिम. बरेच अंगठे आले. आप्पांना व्हॉट्सअॅप नाही, त्यांना सागरने वाचून दाखवलं म्हणे.

१ मे, गुरुवार, सकाळ

सुट्टी. ऐकायला बसलो.

ट्रॅक आठ, आप्पा. मी.

ट्रॅक सात. मी.

ट्रॅक चार, सागरचा मृदुंग जिथे असायला हवा. सागरचा मृदुंग जरा जास्त होतोय, असं म्हणणारा मी.

ट्रॅक एक. मी.

मागे खूप लांब काहीतरी चाललेलं ऐकू येतं. स्पीकरचं माझ्या माईकपर्यंत पोचलेलं. विहिरीच्या तळाशी कोणी गात असावं तसं. तेवढ्यात मी बोलतो.

१ मे, दुपार

दोष कोणाचा, ते शांतपणे लिहून काढतो. गावकरांनी मान काढला नसता तर राउटिंग बदलावं लागलं नसतं. स्वरूपने असलं बटण असलेला मिक्सर द्यायलाच नको होता. वाढणाऱ्यांनी चौथ्यांदा शिरा वाढला. योगिनीने तिसऱ्यांदा हेडफोन लावा म्हटलं असतं तर कदाचित लावला असता.

वाचून बघितलं. योगिनीची ओळ खोडली.

१ मे, संध्याकाळ

आप्पांचा फोन. उद्या पहाटे कोल्हापूरला निघतात. बसलेला आवाज बराच सुटला होता, दोन दिवस कोणाशी बोललो नाय म्हणाले. विचारत होते की त्या मशीनमधला मोबाईलवर घालून देता येईल काय, हॉस्पिटलात पडल्या पडल्या ऐकीन म्हनतंय. आधी कंदी स्वतःचा ऐकला नाय.

पाली इथून पाऊण तासावर आहे. मोटारसायकलमध्ये पेट्रोल आहे. आत्ता खरं सांगितलं तर आप्पा अंगणात बसून गवळण एकदा म्हणतील. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, हसतील आणि म्हणतील. सागर मृदुंग घेईल. तेजस्वीच्या मोबाईलवर सुद्धा चालेल. आज संध्याकाळपुरतं हे शक्य आहे. उद्या नाही.

मी म्हणालो, मिक्सिंगला थोडा वेळ लागेल आप्पा, तुम्ही बरे होऊन या. ते म्हणाले, बरां बरां, घाई नाय.

घशाला विश्रांती द्या असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्या घशाचा विचार केला.

किल्ली हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलो होतो, हेही खरं आहे. मग दूध आणलं आणि वर आलो.

३ मे, शनिवार

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. सगळे खूष. योगिनीने देवापुढे साखर ठेवली. मलाही आनंद झाला, आणि त्या आनंदात मी स्वयंपाकघरात न जाता गॅलरीत उभा राहिलो. डॉक्टर सांगतील तोवर आप्पांनी एक अक्षर बोलायचं नाही.

निश्चय: योगिनीला उद्या सांगायचं.

६ मे, मंगळवार

मिक्सर परत केला. स्वरूपला सहज विचारल्यासारखं विचारलं की एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस मध्ये मध्ये बोलत असेल तर तो काढता येतो का. तो म्हणाला, मल्टिट्रॅक आहे ना, त्याचा ट्रॅक बंद कर. मी म्हणालो, समजा आठही ट्रॅकवर तोच असेल तर? स्वरूपने माझ्याकडे बघितलं. मग फाईल मागितली. बराच वेळ कानाला हेडफोन लावून बसला. त्याचे कान दुखत नाहीत.

मागचं गाणं होतं तेवढं वर ओढून दिलं त्याने. त्याच्याबरोबर मीही वर आलो. म्हणाला, इथून पुढे काही होत नाही रे. चहा पाजला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मे, रविवार

योगिनीला सांगितलं. म्हणजे तिने लॅपटॉप उघडला आणि मी सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. लॅपटॉपला कान लावून, मान वाकडी करून. माझं बोलणं आलं की थांबायची, संपलं की पुन्हा कान लावायची. मी म्हणालो की तांत्रिक बिघाड झाला. मी म्हणालो की बटणावर नीट लिहिलेलं नव्हतं.

मग तिने एकच विचारलं. आप्पा कोल्हापूरला जायच्या आधी तुम्हाला माहीत होतं का.

मी म्हणालो, तशी खात्री नव्हती.

खात्री होती. इथे तरी लिहून ठेवतो.

तिने लॅपटॉप मिटला आणि कपडे वाळत घालायला गेली. संध्याकाळी पानात आमटी वाढली, भात वाढला, मीठ वाढलं.

१४ मे, बुधवार

विचार केला की आप्पांना ऐकवूच नये. लॅपटॉप बिघडला, फायली गेल्या, असं सांगावं. त्यांना तेवढंच दुःख, आणि मला थोडं कमी. योगिनीला ही योजना सांगितली. ती म्हणाली की तुम्ही काय सांगायचं ते सांगा, मी आप्पांना खरं सांगितलंय. ते तरी पण ऐकायला येतायत.

१८ मे, रविवार

सागर आप्पांना घेऊन आला. आप्पा वाळलेत. गळ्याला मफलर, या उन्हाळ्यात. बोलायची अजून बंदी. आल्या आल्या त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी चार दिवस पाठ केलेली माफी सुरू केली. त्यांनी हात हलवला आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

योगिनीने पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. गॅलरीचं दार लावलं. सागर जमिनीवर बसला. कोणी घाम पुसला नाही. गवळण लावली.

आप्पांनी डोळे मिटले. लांबून त्यांचा आवाज आला, बारीक. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःचं गाणं ऐकत होते. मांडीवर बोटांनी ताल धरला. ओठ हलत होते, पण आवाज काढत नव्हते. मीही प्रथमच नीट ऐकत होतो. फार चांगलं गातात ते. गायचे.

वरच्या सुराची जागा जवळ आली. आप्पा पुढे सरकले, मान थोडी वर. आणि लॅपटॉपमधून मी म्हणालो की भजी गरम आहेत का बघा, आणि कांद्याची असतील तर दोन प्लेट सांगा.

आप्पांनी डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं.

मला वाटलं मला गप्प राहायला सांगतायत. पण मी काहीच बोलत नव्हतो. त्यांनी बोट तसंच ठेवून दुसरा हात लॅपटॉपच्या दिशेने हलकेच खाली दाबला, लहान मुलाला गप्प करतात तसा.

तो बोलतच राहिला.